मोदक खाऊ द्या त्याला

गणपती जवळ आले की आमच्या नातेवाइकांत एक सल्ला फिरायला लागतो. "त्याला गोड देऊ नका गं, मग तो आवरत नाही." तो म्हणजे आमचा लेक, वय वर्षं नऊ, एडीएचडीचं निदान झालेला, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चळवळ आवरत नाही असा. सांगणाऱ्या काकू, आत्याबाई, शेजारच्या भाभी, सगळ्या मायेनंच सांगतात, त्यामुळे तोंडावर काही बोलता येत नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, पण गणपती बसायच्या आधी एकदा वाचा.

साखरेनं एडीएचडी होत नाही आणि साखर तोडल्यानं तो जातही नाही. हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच नीट तपासून झालाय. अमेरिकेत मार्क वोलरेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मुद्दाम अशी मुलं निवडली, ज्यांचे आईवडील म्हणत होते की आमच्या मुलाला साखर चढते. वय सहा ते दहा. घरातलं सगळं खाणं बदलून तीन आठवडे भरपूर साखरेचं, तीन आठवडे अ‍ॅस्पार्टेमचं, तीन आठवडे सॅकरिनचं (ही दोन्ही साखरेऐवजी घालायची कृत्रिम गोडी), असं आळीपाळीनं दिलं. कधी काय चाललंय ते घरच्यांना कळू दिलं नाही. या मुलांच्या वागण्यात किंवा लक्ष देण्यात सांगण्यासारखा काहीही फरक निघाला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले, तरी तेच. एखाद्-दुसऱ्या मुलावर बारीकसा परिणाम होत असेल, एवढी फट मात्र त्यांनी प्रामाणिकपणे उघडी ठेवली.

पण मला जास्त लागला तो त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग, हूवर आणि मिलिच यांचा. पाच ते सात वर्षांचे मुलगे आणि त्यांच्या आया. आयांचं म्हणणं, आमच्या पोराला साखर सोसत नाही. सगळ्या मुलांना साखर नसलेलं, अ‍ॅस्पार्टेमचं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की यात भरपूर साखर होती. मग आई आणि मूल एकत्र खेळताना त्यांचं व्हिडिओ चित्रण केलं. ज्यांना साखर सांगितली होती, त्या आयांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला. एवढंच नाही, त्या मुलाला जास्त चिकटून बसल्या, जास्त टोकत राहिल्या. पोटात साखरेचा कण नाही आणि पोरगं बोलणी खातंय!

आता आपला हॉल डोळ्यांसमोर आणा. ताटात मोदक वाढला की पाच जणांच्या दहा नजरा एका पोरावर. तो उठला की "बघ, चढली." चुलत भावंडं सोफ्यावरून उड्या मारतायत, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. वाढदिवसाच्या पार्टीत केक असतो हे खरं, पण तिथे कानठळ्या बसवणारा डीजे असतो, वीस पोरं असतात, फुगे फुटत असतात आणि जेवण साडेनऊला मिळतं. त्या गोंधळात माझंही डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि मी केक खात नाही.

साखरेवर बिल फाडणं सोयीचं का आहे, तर ते थेट स्वयंपाकघरात येतं. म्हणजे आईकडे. बाबांना आजवर कुणी विचारलेलं नाही की तुम्ही काय खाऊ घातलंत याला.

मग आमच्याकडे गोडाला मोकळं रान आहे का? मुळीच नाही. आमच्या इंदूरमध्ये तर सकाळच पोहे-जिलेबीनं सुरू होते, त्यामुळे हिशेब ठेवावाच लागतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे साधारण सहा चमचे. बहुतेक गोड शीतपेयांच्या 250 मिलीच्या बाटलीत एवढी साखर सहज असते. म्हणून माझी कात्री पहिली पेयांवर चालते: कोला, डब्यातला ज्यूस, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी. त्या पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं 2024 मध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं, यातच काय ते आलं. आणि सासूबाई, वाचत असाल तर माफ करा, पण गूळही साखरच. मधसुद्धा. हे सगळं दातांसाठी, वजनासाठी, आणि गोडानं पोट भरलं की वरणभात राहतो म्हणून. त्याच्या धाकट्या बहिणीलाही हाच नियम आहे आणि तिला एडीएचडी नाही.

एडीएचडीमुळे खाण्यात खरा घोळ होतो तो वेगळ्याच जागी, आणि त्याबद्दल नातेवाईक कधी विचारत नाहीत. एडीएचडीवर देतात त्या मिथाइलफेनिडेट या औषधानं बऱ्याच मुलांची भूक मरते. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो. पोर खोटं बोलत नसतं, त्याला भूक लागलेलीच नसते. मग संध्याकाळी औषधाचा असर उतरला की एकदम आगडोंब उसळतो, आणि नेमकी तीच वेळ चिडचिडीचीही असते. त्या वेळी हाताला बिस्किटाचा पुडा किंवा शेवेची बरणी लागली, तर पोट तेवढ्यापुरतं भरतं आणि रात्रीचं जेवणही जातं. म्हणून आमच्याकडे सकाळी गोळीच्या आधी भरपेट नाश्ता असतो. पोहे असले तर दाणे दुप्पट आणि शेजारी अंडं. नाहीतर थालीपीठ-दही किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ. डब्यात थोडंसंच, त्याच्या आवडीचं, संपलं नाही तरी ओरडा नाही. सहा वाजता नाश्ता नव्हे, जेवणच: पोळीभाजी किंवा पनीर पराठा. रात्री झोपण्याआधी पुन्हा भूक लागली तर दूध-केळं. उंची-वजन डॉक्टर दर भेटीत बघतात. तुमच्याकडे बघत नसतील तर तुम्ही आठवण करा, आणि गोळीची वेळ किंवा डोस स्वतःच्या मनानं हलवू नका.

खाण्यातल्या रंगांचं मात्र मी मनावर घेते. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला सहा कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवायला घालतात ते सोडियम बेन्झोएट यांची मिश्रणं साध्या, निदान नसलेल्या मुलांना देऊन पाहिली, तर चळवळ थोडी वाढलेली दिसली. थोडीच, आणि नेमकी कशानं ते मिश्रणामुळे सुटं करता आलं नाही. तरी 2010 पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांविषयीचा इशारा छापावा लागतो. टारट्राझिन, सनसेट यलो ही त्यातलीच नावं, आपल्याकडे परवानगी असलेली. पाकिटावर 102, 110 असे आकडे दिसले तर मी ते परत ठेवते. बर्फाच्या गोळ्यावर आकडे नसतात, तिथे भांडण होतं.

आणि सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार! बाहेरगावचे पाहुणे आले की रात्री साडेदहाला "चला, मुलांनाही घेऊ." भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुआ, घरी यायला एक वाजतो. दुसऱ्या दिवशी पोरगं सैरभैर झालं की दोष मालपुव्याचा. अहो, झोप किती झाली त्याची? अपुऱ्या झोपेनं कुठल्याही मुलाचं लक्ष उडतं, आणि याचं तर आधीच काठावर असतं. मालपुआ पार्सल आणा, सकाळी तोही खाईल.

शाळेतून मागे डायरीत सूचना आली होती, याच्या डब्यात गोड देऊ नये म्हणून. त्याच आठवड्यात वर्गात दोन वाढदिवसांची चॉकलेटं वाटली गेली. सगळ्यांना मिळाली, याला सोडून. आता सीबीएसईनं 2025 पासून शाळांना साखरेची माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलेत, ते मला पटतं, कारण तो फलक सगळ्या वर्गासाठी आहे. नियम करायचा तर अख्ख्या वर्गाला करा, अख्ख्या घराला करा. एकट्याला वेगळं ताट वाढलं की तो गोड चोरून खायला शिकतो, आणि ते सोडवणं साखरेपेक्षा कितीतरी अवघड.

तेव्हा यंदा आमच्याकडे दर्शनाला याल तेव्हा सगळ्या मुलांना दोन-दोन मोदक मिळतील, त्यालाही. त्याच्याकडे टक लावून बघू नका, एवढंच.

आणि ज्यांची मुलं हे औषध घेतात त्यांनी कमेंटमध्ये सांगा, सहाच्या भुकेला तुमच्याकडे काय चालतं? राजगिऱ्याचा लाडू सुचवू नका, तो त्याला अजिबात आवडत नाही.