पानशेतचं पाणी

परवा गवंड्यासमोर नाना मला म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस." वाडा माझा, भिंत माझी, गवंड्याची हजेरी माझ्या खिशातून, आणि गप्प बसायचं तेही मीच.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात जिन्याखाली अडगळीची खोली आहे. तिथे वॉशिंग मशीन बसवायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा. उपसल्यावर तांब्याचा बंब निघाला, वातीचा स्टोव्ह निघाला आणि वडिलांनी "लागतील कधीतरी" म्हणून जपलेले प्लायचे कुजके तुकडे निघाले. भंगारवाल्याने बंब हसत उचलला. बाकीचं तुम्हालाच लखलाभ म्हणाला. थर्माकोलचं मखर तर अजून चादरीत गुंडाळून ठेवलंय. 2018 साली बंदी आली, तेव्हा ते आमच्याकडे आधीपासून होतं. कचरागाडीवाला घेत नाही, वर माझ्याकडे असा बघतो की जणू मी गांजा लपवलाय. असो.

खरा प्रश्न ओलीचा. तक्तपोशीपासून छातीपर्यंत भिंत ओलीकच्च, पोपडे सुटलेले. खालचा भाग ठणठणीत कोरडा. वर बरोब्बर नानांची मोरी. शेंबडं पोरही सांगेल.

नाना काठी टेकत आले, स्टूल मागवलं, दारात बसले आणि निदान केलं, "हे पानशेतचं पाणी."

"नाना, पूर 1961 चा!"

"12 जुलै. मी चौथीत होतो. भिंत दोन फुटी आहे, वाळायला वेळ लागतो."

"मग खालची कोरडी कशी?"

"खालची आधी वाळली."

"पाणी ओसरतं वरून. वरची आधी वाळायला हवी ना?"

"तू पूर पाहिलायस का?"

झालं. ज्याने पूर पाहिला नाही, त्याला या पेठेत भौतिकशास्त्राचा अधिकार नाही.

गवंडी विजापूरकडचा, पोरसवदा. त्याने भाबडेपणाने विचारलं, "पानशेत म्हंजे काय, आजोबा?" थापी खाली ठेवली ती ठेवलीच. धरणावर वाळूची पोती रचणारे जवान आले, मागोमाग खडकवासलाही फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या, नाना कौलांवर चढले. आतून चहा आला, तोही नाना आणि गवंडी असे दोनच कप. मी एवढंच म्हटलं, "नाना, तुमच्या मोरीचा पाइप एकदा..." आणि मग ते वाक्य आलं.

आता स्पष्टच बोलतो. नाना आमचे भाडेकरू. भाडं 60 रुपये. 2000 साली लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने मला वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा आहे, म्हणजे महिन्याला 2 रुपये 40 पैसे. त्याच कायद्याने दुरुस्ती मालकाची. म्हणजे त्यांची मोरी गळणार, माझी भिंत कुजणार, पाइप मी बदलणार, आणि मालक म्हणून गल्लीत श्रीमंत मीच. 60 रुपयांत आज नानांच्या त्या प्रवचनापुरता दोघांचा चहाही बाहेर धड येत नाही. यात विनोद कुठे आहे, मला अजून सापडलेला नाही.

बरं, माणूस सरसकट चुकीचा असता तरी परवडलं असतं. गवंडी सिमेंटचा गिलावा मारायला निघाला, तर नानांनी काठी आडवी घातली. "माती-विटांची भिंत आहे. सिमेंटने ओल आत कोंडेल आणि दुसरीकडून फुटेल. चुनाच लाव." मी फोनवर तपासलं. शंभर टक्के बरोबर. गवंड्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ "बरं, आजोबा" म्हणाला आणि मला चुना आणायला पिटाळलं.

पाइप शेवटी मीच बदलला. प्लंबरने जुना काढला तर त्याला बोट जाईल एवढं भोक. तो तुकडा मी नानांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ, पुराने काय दशा केली होती."

काल रंगाची शेडकार्डं चाळत होतो. मी पांढऱ्यावर बोट ठेवलं. नाना म्हणाले, "गडद घे रे. पांढऱ्यावर ओल लगेच दिसते."