‘एका पाइपाला 17 दिवस’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर. सुपरचार्जरचे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) पाइप बसवून गाडी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी चढावर होज (पाइप जोडणारी लवचीक नळी) निसटला आणि गाडीचा दम गेला, ही चूक आमचीच. इंटरकूलरकडच्या (दाबून तापलेली हवा थंड करतो तो) पाइपाच्या टोकाला बीड, म्हणजे होज अडवणारी उंच कड, काढायची राहून गेली होती. गुळगुळीत पाइपावर सिलिकॉनचा होज कितीही आवळा, बूस्ट (हवेचा दाब) आला की सरकतोच. मनापासून माफी मागतो. त्याच संध्याकाळी बीड काढून टी-बोल्ट क्लॅम्प लावून दिला, पैसे घेतले नाहीत. ते रिव्ह्यूत आलं नाही, असो.

पण ‘साध्या एका पाइपाला 17 दिवस आणि वेल्डिंगचे पैसे दोनदा’ हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचणार.

पाइप एक नव्हता, सर. फिल्टर ते सुपरचार्जर पहिला, तिथून इंटरकूलरपर्यंत दुसरा, पुढे थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) तिसरा, शिवाय बायपास व्हॉल्व्हची (पाय काढल्यावर जादा हवा वळवणारी झडप) परतीची लाइन. पाचव्या दिवशी सगळं वेल्डिंगचे नुसते टाके मारून बसवलं होतं, बोनेटही लागत होतं. तुम्ही स्वतः पाहून ‘मस्त’ म्हणालात. सहाव्या दिवशी तुम्हीच दुसरा, मोठा इंटरकूलर घेऊन आलात. आधीच्याची तोंडं दोन बाजूंना होती, याची दोन्ही एकाच बाजूला. तिसरा पाइप अख्खा भंगारात गेला, दुसरा अर्धा कापला. नवे बेंड यायलाच चार दिवस लागले, त्याला माझा इलाज नव्हता. (7 पीएसआय बूस्टला एवढ्या मोठ्या इंटरकूलरची गरज नव्हती हे मी तेव्हाही सांगितलं होतं. हौस तुमची, आम्ही बसवला.) दिवस वाढतील, वेल्डिंग पुन्हा लागेल, हेही बोललो होतो. तुम्ही ‘होऊ द्या’ म्हणालात. लिहून घेतलं नाही, तिथे मी चुकलो.

नवा पाइप त्याच बाजूने वर आल्यामुळे फिल्टरचा पाइप वळवावा लागला आणि मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) नेमका बेंडला चिकटून आला. बेंडमधून हवा घुसळत येते, रीडिंग चुकतं. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) सारखं वर-खाली व्हायला लागलं. सेन्सरच्या आधी सरळ तुकडा मिळावा म्हणून बॅटरीचा ट्रे सरकवला. त्यात तीन दिवस गेले आणि त्याचे पैसे बिलात नाहीत, बघा हवं तर.

‘मागितलेला फुस्स आवाजही दिला नाही’ असंही लिहिलंय. बायपासची हवा बाहेर सोडली की आवाज येतो, पण ती हवा सेन्सरने आधीच मोजलेली असते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तेवढं पेट्रोल टाकतो, पाय काढला की मिक्श्चर रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी) आणि गाडी सिग्नलला बंद पडते. म्हणून ती सुपरचार्जरच्या आधी परत वळवली. तुमच्याच भल्यासाठी.

यापुढे मधे काही बदललं तर कागदावर घेऊ, फोटो वगैरेही पाठवत जाऊ. तुम्ही एकदा क्लॅम्प आवळून घ्यायला या, गरम-थंड होऊन ढिले पडतात. येताना तेवढं सांगा, मधे कुणी हात लावला होता का? रिव्ह्यूतल्या फोटोत फिल्टरच्या पाइपावर जो क्लॅम्प दिसतोय, तो आमचा नाही.