भायखळा स्टेशनची इमारत कधी नीट पाहिलीय का?

सीएसएमटीसमोर कधीही जा, फोटो काढणाऱ्यांची गर्दी असतेच. असायलाच हवी, देखणीच आहे ती इमारत. पण तिचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं, तेव्हा भायखळ्याची दगडी इमारत उभी राहून एकवीस वर्षं झाली होती! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भायखळ्यावरूनच गेली. त्याच्या आदल्या वर्षी 'फॉकलंड' नावाचं इंजिन याच भागात रेल्वेच्या बांधकामासाठी धावत होतं. तेव्हाचं बोरीबंदर स्टेशन आज नाही. भायखळ्याची १८५७ ची इमारत आहे, आणि तिथे आजही लोकलचं तिकीट मिळतं.

मी एकवीस वर्षं रोज इथे उतरते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मला ही इमारत दिसलीच नव्हती. गाडीतून उतरायचं, गर्दीबरोबर बाहेर पडायचं, बस गाठायची. लहानपणी आई राणीच्या बागेत घेऊन यायची, तेव्हा तर हत्ती बघायची घाई.

जुलै २०१९ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा थबकले. एक कारागीर लोखंडी नक्षीच्या खाचांतून ऑइलपेंट खरवडत होता. वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेले थर. पापुद्रा निघाला की आतून एखादं पान उमटायचं, एखादी वेलांटी. त्या दिवशी माझी बस चुकली.

जुन्या वास्तू जपणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली हे काम झालं. मधे कोविड आला, तरी एप्रिल २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारही मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा एका गोष्टीचं जास्त कौतुक आहे. स्टेशनला कुलूप लावून हे केलं नाही. लोकल धावत होत्या, तिकीट खिडक्या चालू होत्या, आपण धक्के देत ये-जा करत होतो. जुनी वास्तू म्हटली की आपल्याकडे एकतर ती पाडायची भाषा होते, नाहीतर दोरी बांधून लोकांना लांब ठेवायची. भायखळ्यात तिसरा रस्ता निघाला आणि माझ्या मते तोच योग्य आहे. मुंबईतल्या इतर जुन्या स्टेशनांनाही असंच जपायला हवं.

पण मग आपलंही काही काम आहे की नाही? गेल्या आठवड्यात चांगल्या कपड्यांतला एक माणूस माझ्यासमोर भिंतीवर गुटखा थुंकला. मी बोलले. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फास्ट पकडली. बाटलीतलं पाणी ओतून मी रुमालाने पुसायला लागले. दगड खरखरीत, लाल रंग बारीक छिद्रांत मुरतो. एक बाई थांबल्या, त्यांनीही आपली बाटली रिकामी केली. तरी पूर्ण गेला नाही. उद्या घरून ब्रश नेणार आहे.