गाईड वाचून मी शाकुंतल पास झाले, पण ते वाचलं नव्हतं

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. एसवायबीएला आहे, संस्कृत घेतलंय, पेपरला कालिदासाचं शाकुंतल आहे. म्हणाली, "मावशी, ग्रुपवर नोट्सची पीडीएफ आलीये, चाळीस पानांत अख्खं नाटक आहे, तेवढंच केलं तर चालेल ना?" मी हो म्हणणार होते कारण मी स्वतः तेच केलं होतं, पण हो तोंडातून निघेना. का निघेना ते तिला फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

आमच्या वेळी कॉलेजजवळच्या दुकानात एक पातळसं गाईड मिळायचं. आधी अंकवार सारांश, मग दुष्यंत राजा, शकुंतला, तिला वाढवणारे कण्व ऋषी, विदूषक यांची स्वभावचित्रं, मग मोठे प्रश्न, आणि शेवटी संदर्भासहित स्पष्टीकरणाचे ठरलेले श्लोक. "दुर्वासाच्या शापाचे महत्त्व" हा प्रश्न तर हमखास. त्याचं उत्तर मला आजही झोपेतून उठवलं तरी येईल. महाभारतातल्या कथेत शाप नाही, अंगठी नाही, तिथला राजा सगळं आठवत असूनही भर सभेत शकुंतलेला नाकारतो, कालिदासाने दुर्वास ऋषींचा शाप (राजा तिला विसरेल, खूण दिसली की आठवेल) आणि खुणेची अंगठी आणली आणि नायकाला त्या दोषातून सोडवलं. यात चूक काहीच नाही. मार्कही चांगले पडले.

मग बऱ्याच वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर मो. रा. काळे यांची शाकुंतलाची आवृत्ती दिसली. ज्यांनी संस्कृत केलंय त्यांना माहीत असेल, शंभरहून जास्त वर्षं विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्यात. मूळ नाटक, सोबत राघवभट्टाची ओळीओळीचा अर्थ सांगणारी संस्कृत टीका, इंग्रजी भाषांतर आणि ढीगभर टिपा. माझ्या प्रतीत आधीच्या कुणीतरी चौथ्या अंकातल्या प्रत्येक समासावर पेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहिलाय, आणि पाचव्या अंकापासून पानं एकदम कोरी. तेवढाच सिलॅबसला असणार. त्या पावसाळ्यात मी रोज रात्री जेवणं उरकली की एकेक पान वाचत गेले, कधी चारच ओळी व्हायच्या, आणि ऑगस्ट संपता संपता पाचव्या अंकाशी आले.

तिथे मला कळलं की शकुंतलेला शापाचं माहीतच नाहीये.

शापावर पानभर उत्तर लिहिणाऱ्या मला ही गोष्ट कधी जाणवलीच नव्हती. दुर्वास पडद्याआडून "अयमहं भोः" म्हणतो तेव्हा ती नवऱ्याच्या विचारात हरवलेली असते, तिच्या कानावर काहीच पडत नाही. ऐकतात त्या तिच्या सख्या, अनसूया आणि प्रियंवदा, आणि दोघी ठरवतात की तिला सांगायचं नाही, इतकी नाजूक आहे, कोसळेल. सासरी निघताना फक्त एवढं सांगतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. ती म्हणते, तुमच्या या शंकेने माझा थरकाप झाला, तर म्हणतात घाबरू नकोस, मायेपोटी मनात नको ते येतं. आणि मग ही गरोदर मुलगी भर दरबारात उभी राहते, बोटात अंगठी नाही, वाटेतच पडलेली, समोरचा माणूस तिला खोटारडी ठरवतोय, आणि तो असं का करतोय हे प्रेक्षकांना ठाऊक आहे, तिला नाही. राजालाही नाही. तिला कारण कळतं ते थेट सातव्या अंकात, मारीच ऋषी सांगतात तेव्हा. म्हणजे सगळी वर्षं ती हेच धरून जगली की त्याने आपल्याला जाणूनबुजून टाकलं. "शापामुळे नायक दोषमुक्त होतो" हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण ते वाक्य तिच्या बाजूने कसं दिसतं हे त्या गाईडात कुठेच नव्हतं.

आता कुणी म्हणेल की बघा, म्हणून गाईड वाईट, मूळ वाचा. पण मला ते अजिबात म्हणायचं नाहीये!! काळ्यांच्या टिपा नसत्या तर मी पहिलं पानसुद्धा पार केलं नसतं. जी गोष्ट गाईडाने माझ्यापासून लांब ठेवली ती गाईडानेच मला दाखवली, फक्त ते दुसऱ्या जातीचं गाईड होतं. गाईडांना नाकं मुरडणाऱ्या लोकांचा मला राग येतो, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना घरात नाहीतर शाळेत कुणीतरी बोट धरून शिकवलेलं असतं, आणि ज्याला असं कुणी नाही त्याने दीड हजार वर्षांपूर्वीचं नाटक काय नुसतं डोळे लावून वाचायचं? आणि टीका म्हणजे तरी काय, गाईडच की. राघवभट्टाच्या टीकेचं नाव अर्थद्योतनिका, अर्थ उजळून दाखवणारी. कालिदासाच्या काव्यांवर लिहिणारा मल्लिनाथ तर सुरुवातीलाच शब्द देऊन टाकतो, "नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते", मुळात नाही ते लिहिणार नाही आणि लागत नाही ते बोलणार नाही. आपल्याकडे अपेक्षित म्हटलं की प्रश्नसंच डोळ्यासमोर येतो, तिथे अपेक्षित म्हणजे वाचणाऱ्याला त्या ओळीशी अडल्यावर जे लागतं ते. टीकेत एक डोळा ओळीवर ठेवावाच लागतो, कारण ओळीशिवाय ती वाचताच येत नाही. सारांश मात्र ओळीशिवाय आरामात वाचता येतो. मला फरक दिसतो तो इथेच.

अजून एक उदाहरण देते, कारण हे कळल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलेय. नाटकात शकुंतला संस्कृत बोलत नाही. ती, तिच्या सख्या, गौतमी, विदूषक, सगळे प्राकृत बोलतात, आणि त्याची संस्कृत छाया, म्हणजे शब्दाला शब्द संस्कृत रूप, पुस्तकात दिलेली असते. आम्ही वर्गात सरळ छाया वाचायचो, प्राकृत ओलांडून पुढे. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला राजाच्या अंतःपुरातली हंसपदिका आतून एक गाणं म्हणते, की भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं तसं चुंबन घेऊन आता कमळातच रमलास, त्याला विसरलास कसा. त्यात शेवटी येतं "विम्हरिओ सि णं कहं". छायेत आहे "विस्मृतोऽसि". पण "विम्हरिओ" मोठ्याने म्हणून बघा, विसरला ऐकू येतो की नाही! नाटकातली अशी गाणी माहाराष्ट्री प्राकृतात असायची, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. टीप वाचली तर कळतं की राजा हे गाणं स्वतःवर घेतो पण वसुमती राणीवरून हंसपदिकेने मारलेला टोमणा म्हणून, आणि तरी त्याचं मन उगाच उदास होतं, कशाने ते त्याला कळत नाही. इकडे शकुंतला दाराशी पोचायला आलीये. गाणं दुसरीचं, राजा समजतो तिसरीबद्दल, आणि आपण ऐकतो ते शकुंतलेचं. सारांशात हे "हंसपदिकेचे गीत ऐकून राजा उदास होतो" एवढ्यात संपतं.

शकुंतला राजाला "अणज्ज" म्हणते, अनार्य, ते पण प्राकृतातच. तिचा राग तिच्या स्वतःच्या भाषेत ऐकायचा असेल तर छायेवर थांबून चालत नाही.

तर भाचीला मी शेवटी म्हणलं, पीडीएफ ठेव, परीक्षेसाठी लागेल, गोष्ट आधी माहीत असली तरी या नाटकाचं काही बिघडत नाही, १८८० साली किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल बघायला पुण्यात लोक जमले तेव्हा त्यांनाही गोष्ट माहीत होतीच. फक्त रोज रात्री नऊ वाजता फोन कर, एक पान मूळ वाचू, अडलं की टीप, मग परत मूळ.

तिसऱ्या रात्री चौथ्या अंकातला हरणाचा श्लोक आला, म्हणजे मीच तिला तिथून सुरू करायला लावलं होतं. शकुंतला निघालीये आणि मागून कुणीतरी तिच्या वस्त्राला धरतंय, कण्व सांगतात कोण ते. दर्भाचं टोक तोंडात रुतलं होतं म्हणून तू ज्याला इंगुदीचं तेल लावलंस, मूठ मूठ श्यामाक घालून वाढवलंस, तो तुझा मानलेला मुलगा तुझी वाट सोडत नाहीये. श्यामाक म्हणजे काय, तिने विचारलं. सावे, एक बारीक धान्य, मी टीप बघून सांगितलं. "मुठीने भरवायची?" हो, मुठीने. मग बराच वेळ काही बोलली नाही.

काल पाचवा अंक झाला. दरबार संपला तेव्हा म्हणाली, "मावशी, म्हणजे हिला शापाचं कुणीच सांगितलं नाही?" मी काही बोलायच्या आत पलीकडून पानांचा आवाज आला. "थांब, मी मागे जाऊन बघते, निघताना सख्या नक्की काय म्हणाल्या होत्या ते."