‘नर्सला महिना लाख’: पण कुणाच्या हजेरीपटावर?

आधी तो मेसेज वाचा, म्हणजे माझा वैताग कळेल. “नर्सिंग करा, घर सावरा. आज भारतात नर्सला 80 हजार ते 1 लाख पगार. पाच वर्षांत तिप्पट. आयसीयू, ओटीचं काम आलं की दुप्पट. जर्मनीत 3 लाख हातात, अमेरिकेत 10 लाख. कोर्स कुठलाही चालतो, एक वर्षाचासुद्धा. भाषा तिकडे गेल्यावर शिकवतात.” खाली जोडलेले हात, तिरंगा आणि एक मोबाइल नंबर.

नणंदेने तो मला पाठवला आणि वर लिहिलं, “वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत एवढ्या पगाराचं.” म्हणजे मी लाख रुपये मिळवते आणि सासरच्यांपासून लपवून ठेवते! हसून सोडून दिलं असतं. पण भाचीसाठी त्या एक वर्षाच्या कोर्सला ॲडव्हान्स भरूनही झालाय, हे मागाहून कळलं. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे, वॉर्डात हा पगाराचा विषय रोज निघतो, तेव्हा आता सविस्तरच सांगते.

80 हजार ते 1 लाख. हा आकडा खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर केंद्राच्या लेव्हल 7 या वेतनस्तरावर लागते, मूळ वेतन 44,900. महागाई भत्ता मूळ पगाराच्या निम्म्याच्या वर गेलाय, नर्सिंग भत्ता वेगळा, दिल्लीसारख्या शहरात घरभाडं मूळ पगाराच्या 30 टक्के. बेरीज सहज 90 हजारांच्या पुढे जाते. मान्य. पण त्या खुर्चीसाठी नॉरसेट नावाची देशपातळीवरची परीक्षा काढावी लागते आणि जागा मोजक्या. मेसेजवाल्याने देशातला सगळ्यात चांगला पगार उचलला आणि सगळ्या नर्सेसच्या नावावर टाकला.

आता तिथून खाली उतरा. महाराष्ट्र शासनाची अधिपरिचारिका सातव्या वेतन आयोगात एस-13 या वेतनस्तरात, मूळ वेतन 35,400. काम तेच, सलाइन तेच, शिव्या खायच्या त्याही त्याच, आणि मुळातच साडेनऊ हजारांचा फरक. त्याखाली राष्ट्रीय आरोग्य अभियानातली (एनएचएम) कंत्राटी नर्स. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जाहिरातींत तिचं मानधन 20 हजार लिहिलेलं असतं. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, म्हणजे भत्त्यांचा प्रश्नच मिटला. रात्रपाळीला एक कायम आणि एक कंत्राटी, अशा दोघी एकाच वॉर्डात असतात. पहाटे बीपी दोघी घेतात, इनटेक-आउटपुट दोघी लिहितात, पेशंट गेला तर बॉडी दोघी बांधतात. सकाळी ओव्हर देताना पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळणारही नाही की यातली कायम कोण. कळतं ते पगाराच्या तारखेला.

आणि अजून खाली, जिथे आपल्याकडच्या बहुतेक मुलींची पहिली नोकरी असते, तिथे खासगी नर्सिंग होम. माझ्या ओळखीतली एक जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग कोर्स) झालेली, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली मुलगी तालुक्याच्या गावात पंचवीस-तीस खाटांच्या दवाखान्यात लागली. महिना 11 हजार. पगारपत्रक नाही, व्हाउचरवर सही. पीएफ नाही. डबल ड्युटी केली तर “सुट्टी ॲडजस्ट करू”, आणि ती सुट्टी कधीच ॲडजस्ट होत नाही. मूळ प्रमाणपत्रं डॉक्टरांच्या कपाटात, बाँड संपेपर्यंत. शहरातल्या मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात हाच आकडा पंचवीस-तीस हजारांवर जातो, पण तिथलं खोलीभाडं आणि मेस वजा केली की उरतं जवळपास तेवढंच.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. हेच सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं गेलं होतं. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर जानेवारी 2016 मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं, खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसचा पगार आणि कामाची परिस्थिती पाहण्यासाठी. समितीने खाटांवरून हिशेब घातला. 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार. 100 ते 200 खाटांना त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100 ला फार तर 25 टक्के कमी. आणि 50 च्या आतल्या दवाखान्यातही 20 हजारांच्या खाली नाही. रजा, कामाचे तास, राहायची सोय याही गोष्टी सरकारी नर्ससारख्याच. मला इथे एवढंच दाखवायचंय की केंद्राने नेमलेल्या समितीला ‘निदान 20 हजार तरी द्या’ असं लिहावं लागलं. सगळ्यांना लाख मिळत असते तर 20 हजारांची शिफारस कोणी कशाला केली असती?

शिफारस ती शिफारसच. आरोग्य हा राज्यांचा विषय, अंमल राज्यांनी करायचा. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, संप केले, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारने खासगी रुग्णालयांसाठी 20 हजारांचं किमान वेतन जाहीर केलं. आमच्या तालुक्यात अजून 11 हजारांचं व्हाउचरच फिरतंय.

पाच वर्षांत तिप्पट. कुठे? सरकारी वेतनवाढ वर्षाला 3 टक्के. 35,400 वर लागलेली मुलगी पाच वेतनवाढी घेऊन 41,100 वर पोचते. खासगीत वाढ हवी असेल तर नोकरी बदलावी लागते. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतही असं होत नाही. इंग्लंडमध्ये बँड 5 या वेतनश्रेणीची नवी नर्स 2025-26 च्या दरांनी वर्षाला 31,049 पौंडांवर लागते आणि चार वर्षांनी त्या बँडच्या टोकाला, 37,796 वर पोचते. पुढे बढती मिळाली तरच सरकायचं.

आयसीयूला दुप्पट. नाही. सरकारी खात्यात वेतनस्तर पदावर ठरतो, वॉर्डावर नाही. एनआयसीयूत अर्ध्या किलोच्या बाळाला सांभाळणारी आणि ओपीडीत केसपेपर लावणारी, दोघींचं मूळ वेतन एकसारखं. खासगीत आयसीयू भत्ता देतात तो दोन-तीन हजारांचा. फायदा होतो तो वेगळ्या जागी: परदेशी भरतीत आयसीयू-ओटीचा (ऑपरेशन थिएटर) अनुभव आधी विचारतात. अमेरिकेतली भूल देणारी नर्स मात्र दुपटीहून जास्त कमावते, पण तिची पदवी वेगळी, परवाना वेगळा. आयसीयूत ड्युटी लागली म्हणून कोणी ती होत नाही.

अमेरिकेचे 10 लाख कुठून आले तेही शोधलं. तिथल्या कामगार सांख्यिकी खात्याच्या 2023 च्या आकड्यांत कॅलिफोर्नियातल्या नर्सची सरासरी वर्षाला सुमारे 1 लाख 37 हजार डॉलर, आणि साउथ डकोटात सुमारे 69 हजार. देश एक, परवाना परीक्षा एक, पगार निम्मा. मेसेजवाल्याने अर्थातच कॅलिफोर्निया घेतला आणि बाराने भागलं. तिथला घरभाड्याचा आकडा मात्र घेतला नाही.

आता “कोर्स कुठलाही चालतो”. बाकीची वाक्यं फुगवलेली आहेत, हे वाक्य मात्र पोरींचं वाटोळं करणारं आहे. नर्स म्हणून नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करतं, आणि त्यासाठी अभ्यासक्रम ठरलेले आहेत: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी चार वर्षं. एक वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ करून नर्सची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे एम्स नाही, जिल्हा रुग्णालय नाही, एनएचएमसुद्धा नाही. परदेशाचं तर नावच काढू नका, तिकडे एएनएमलाही रजिस्टर्ड नर्स धरत नाहीत. उरतो तोच पंचवीस खाटांचा दवाखाना, आणि तिथेही ती मावशी आणि सिस्टर यांच्या मधली कोणीतरी. इंजेक्शन द्यायला पुढे करतात, काही बिघडलं की “ती काय क्वालिफाइड नाही”. नणंदेला मी पावतीचा फोटो मागवला. संस्थेचं नाव रंगीत अक्षरांत, ‘शासनमान्य’ असा शिक्का, पण कुठल्या शासनाची कुठली मान्यता, आदेश क्रमांक काय, याचा पत्ता नाही. ते पैसे परत मागायला सांगितलंय.

राहता राहिली जर्मनी. इथेही आकडा अर्धा खरा. तिथे शुश्रूषा क्षेत्रात प्रशिक्षित परिचारिकेचं किमान वेतन जुलै 2025 मध्ये ताशी 20.50 युरो झालं. पूर्णवेळ कामाचे महिन्याला साडेतीन हजार युरोंच्या आतबाहेर होतात, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे 3 लाखांच्या वर. पण हे कागदावरचं. एकट्या माणसाचा कर, पेन्शन, आरोग्यविमा कापून साधारण तिसरा हिस्सा तिथेच राहतो. उरलेल्यातून खोलीभाडं. शिवाय हा दर आपली पदवी तिथे मान्य झाल्यावरचा. तोवर मदतनीस म्हणून काम, आणि अप्रशिक्षित मदतनिसाचा किमान दर त्याच जुलै 2025 च्या यादीत ताशी 16.10 युरो. मान्यता मिळायला जर्मन साधारण बी2 पातळीची, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकी लागते. ‘भाषा तिकडे गेल्यावर’ हे ऐकून निघालेली मुलगी या मदतनिसाच्या दरावरच अडकून बसते.

मेसेजमधल्या नंबरवर नणंदेच्या मिस्टरांनी फोन केला होता. जर्मनीच्या ‘प्रोसेसिंग’चे 4 लाख सांगितले. परदेशी नोकरी लावणाऱ्या परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेमार्फत जर्मनीत नर्सेस नेणाऱ्या ‘ट्रिपल विन’ योजनेत तर भरतीचा आणि भाषेचा खर्च मुलीकडून घेतच नाहीत. फोन पुन्हा आला तर ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवरचा परवाना क्रमांक आधी मागा, असं मी त्यांना सांगितलंय. परवाना विचारल्यावर तो फोन पुन्हा येईल असं मला तरी वाटत नाही.