पूर येणार? घाबरू नका, तयारी तर मुळीच करू नका

कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी राहता ना? मग आकड्यांच्या नादी लागू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आपण मात्र आजोबांनी भिंतीवर केलेली खूण पाहावी. पाणी तिच्यावर येत नाही. 2019 मध्ये आलं, पण ती चूक पाण्याची. पूररेषेचं म्हणाल, तर रेषा नकाशावर असते आणि प्लॉट जमिनीवर. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही.

ग्रामपंचायतीने टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, पोती तळमजल्यावर, ओल्या भिंतीला टेकवून, तोंड उघडं ठेवावीत. ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पुरानंतर विहिरीत टाकायला निरुपद्रवी पांढरी भुकटी हाती राहते. निरुपद्रवी म्हणजे जंतूंनासुद्धा. पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं नाही, तर रजिस्टरात 'पिवळं' लिहून मोकळे व्हा. रजिस्टर वाहून गेलं तर उत्तमच.

डायलिसिसवर कोण, नववा महिना कुणाला, इन्सुलिन कुणाच्या फ्रिजमध्ये, ही यादी मे महिन्यात करू नका. मे महिन्यात लग्नं असतात. ती रात्री दोनला, लाइट गेल्यावर, माणसं पत्र्यावर चढल्यावर करायची. लाइफ जॅकेटं किती आहेत, असं सरपंचांना विचारणं तर शुद्ध आगाऊपणा. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळची, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट 2019 मध्ये उलटली. इतकं जुनं कोण उकरून काढतं?

पाणी ओसरलं की चिखलात अनवाणी उतरा. पायाला भेग असेल तर लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूला दार शोधत हिंडावं लागत नाही. आशाताई हा ताप टाळायची डॉक्सीसायक्लिन गोळी घेऊन आल्या, तर "आम्हाला काय होतंय!" म्हणून त्यांना वाटेला लावा. पाण्यात उतरल्यापासून 72 तासांत घ्यायची गोळी ताप चढल्यावर धुंडाळण्यातच खरी मर्दुमकी.

मदतीबाबत मात्र गाफील राहू नका. 2019 मध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात हवं, अशी अट निघाली होती. तेव्हा पाणी दीड दिवसातच उतरू लागलं, तर कृष्णामाईला हात जोडून थांबवून घ्या. आणि ओआरएसच्या पाकिटावर कुणा साहेबांचा फोटो नसेल तर ते घेऊ नका. माल बनावट असू शकतो.