रोलबॅक आलं म्हणून लॅग संपलेला नाही

रोलबॅक म्हणजे ऑनलाइन खेळात इंटरनेटमुळे होणारा उशीर (लॅग) झाकणारं तंत्र. ‘रोलबॅक आल्यापासून फायटिंग गेम ऑनलाइन आणि समोरासमोर अगदी सारखेच चालतात’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या रोलबॅक सॉफ्टवेअरने २००६ पासून बटण दाबल्यावर होणारा उशीर खूप कमी केला, हे मोठंच काम. पण रोलबॅक समोरच्याच्या चालीचा अंदाज बांधतं आणि तो चुकला की खेळ मागे नेऊन दुरुस्त करतं. त्यात फटक्याच्या सुरुवातीच्या फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) दिसतच नाहीत. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर चार फ्रेम गेल्या की सुमारे ६७ मिलिसेकंद हातचे गेले. एरवी बघून अडवता येणारा ओव्हरहेड (बसून नव्हे, उभं राहूनच अडवावा लागणारा फटका) म्हणूनच ऑनलाइन लागतो, आणि काही खेळाडू मुद्दाम तोच मारत राहतात. हे हॅकिंग नव्हे. ऑफलाइन स्पर्धेत मात्र तोच फटका अडवला जातो आणि उलट मार बसतो.